तीन भाऊ आणि त्यांचे सावकार

स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहराच्या ऐतिहासिक संग्रहालयात चर्मपत्रावर रंगवलेली काही लहान चित्रं आहेत, साधारण १५००च्या सुमाराची. त्या काळातला चित्रकार म्हटला की संत, मेरीमाता, फार तर एखादा श्रीमंत व्यापारी डोळ्यांसमोर येतो. इथे तसलं काही नाही. एका चित्रात एक दागिना, बस. एकात तीन लाल चौकोनी खडे आहेत, दोन वर डावी-उजवीकडे आणि एक खाली. मधोमध टोकदार, उतरत्या बाजूंचा हिरा. खड्यांच्या मधल्या तीन जागांत एकेक पांढरा मोती आणि खालच्या खड्याला लोंबणारा चौथा, सगळ्यांत मोठा मोती. सोनं जवळजवळ दिसतच नाही. खडे जागेवर धरून ठेवण्यापुरतं आहे तेवढंच.

या दागिन्याचं नाव ‘तीन भाऊ’. फ्रेंच, जर्मन, इंग्रजी तिन्ही भाषांच्या दफ्तरांत तो याच नावाने येतो. युरोपातल्या उत्तर मध्ययुगीन दागिन्यांत याच्याइतका कागदोपत्री ओळखीचा डाग विरळा, आणि तो स्वतः मात्र १६४५च्या सुमारापासून बेपत्ता आहे. बासेलच्या चित्रकाराने तो काढून ठेवला, कारण नगरपालिकेला तो विकायचा होता. सराफाने माल हातावेगळा करण्याआधी टिपण ठेवावं, तसलाच प्रकार. त्या काळच्या राजेरजवाड्यांच्या जडावाबद्दल बोलायचं तर सुरुवात या टिपणापासूनच करावी असं मला वाटतं. हे दागिने कसे दिसत हे आपल्याला चित्रांतून कळतं. ते कशासाठी होते हे कळतं ते खरेदीखतांतून आणि गहाणखतांतून.

दागिना घडला चौदाव्या शतकाच्या अखेरीस. पुढे बर्गंडीचा ड्यूक झालेल्या जॉनसाठी पॅरिसचा सोनार हर्मन रुइसेल याने तो केला असं मानतात. बर्गंडीचे ड्यूक नावाला फ्रान्सच्या राजाचे मांडलिक. पण आजच्या बेल्जियम-हॉलंडमधली कापडाच्या व्यापारावर पोसलेली श्रीमंत शहरं त्यांच्या हाती होती आणि थाट राजालाही लाजवील असा. लाल खडे प्रत्येकी सुमारे सत्तर कॅरटचे आणि हिरा तीसेक कॅरटचा होता असा अंदाज आहे. मोती धरून सगळ्या रत्नांचं वजन पाच तोळ्यांच्या आसपास भरेल. आपल्याकडची एखादी चांगली मोहनमाळ याहून जड असते. पण या पाच तोळ्यांवर शहरांनी कर्जं तोलली आणि एका राजाच्या कर्जाची मुदत वाढली.

जॉनचा नातू चार्ल्स, ज्याला इतिहास ‘चार्ल्स द बोल्ड’ म्हणतो, हा लढाईला निघाला की अर्धा जामदारखाना बरोबर घेऊन निघत असे. चांदीची भांडी, जरीचे पडदे, देव्हाऱ्यातली सोन्याची उपकरणं, टोपीवरचे तुरे, आणि अर्थात तीन भाऊ. यात मूर्खपणा होता असं म्हणणं सोपं आहे. मीही वाचताना तेच म्हटलं. पण तेव्हाच्या सरदाराला सैन्याचा पगार भागवण्यासाठी जागच्या जागी तारण लागे, आणि परक्या वकिलांपुढे बसताना आपली पत अंगावर दिसावी लागे. तिजोरी छावणीत असणं ही सोय होती. २ मार्च १४७६ला न्यूशातेल सरोवराकाठी ग्रँडसन इथे ती सोय अंगलट आली. स्विस पायदळाच्या भाल्यांपुढे चार्ल्सच्या फौजेत गोंधळ माजला, ती पळाली आणि छावणी होती तशी मागे राहिली.

शेतकरी-गवळ्यांच्या त्या फौजेच्या हाती जे लागलं त्याची किंमत त्यांना कळली नाही, अशा गोष्टी लगेचच पसरल्या. त्यातली सगळ्यांत प्रसिद्ध फिलिप द कोमिन याने लिहून ठेवली आहे. हा गृहस्थ आधी चार्ल्सच्याच पदरी होता आणि १४७२मध्ये त्याला सोडून फ्रान्सच्या अकराव्या लुईला जाऊन मिळाला होता, त्यामुळे जुन्या धन्याची फजिती सांगताना त्याचा हात आखडत नाही. एका शिपायाला ड्यूकचा थोरला हिरा सापडला, त्याने तो एका पाद्र्याला एका फ्लोरिनला विकला आणि पाद्र्याने तो आपल्या वरिष्ठांकडे पाठवून तीन फ्रँक मिळवले, असं तो सांगतो. गोष्ट खरी असो वा नसो, स्विस लोक पुढे पुरते हिशेबी निघाले. लूट सगळ्या मित्रगावांनी वाटून घ्यायची असा करार होता. बासेलच्या कारभाऱ्यांनी तीन भाऊ आणि आणखी तीन दागिने, ज्यांना त्यांनी ‘पांढरा गुलाब’, ‘छोटं पीस’ आणि ‘छोटा पट्टा’ अशी घरगुती नावं दिली, गुपचूप विकत घेतले आणि वर्षानुवर्षं त्याचा गवगवा होऊ दिला नाही. वाटेकरी जागे झाले असते ना!

आता त्या खड्यांकडे पाहू.

त्या दागिन्यातला हिरा बहुधा आपल्याकडचा. ब्राझीलच्या खाणी १७२०च्या दशकात सापडेपर्यंत जगाला हिरे पुरवले ते जवळजवळ एकट्या भारताने, थोडे बोर्निओने. गोवळकोंड्याचं नाव हिऱ्याला चिकटलं ते नंतर. पंधराव्या शतकात कृष्णेच्या खोऱ्यातला हा सगळा मुलूख बहमनी सुलतान आणि विजयनगरच्या रायांमध्ये वाटलेला होता. चार्ल्स बर्गंडीत गादीवर होता त्याच सुमारास, १४७०च्या आसपास, अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरला, पावसाळा जुन्नरला काढला, तिथल्या खानाने त्याचा घोडा हिसकावून घेतला म्हणून रडकुंडीला आला आणि पुढे बिदरला पोचला. हिरे रायचूरकडे निघतात हे त्याने आपल्या टिपणांत नोंदवलं आहे. महाराष्ट्राच्या आजच्या हद्दीतही हिऱ्याची जुनी खाण होती. गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरी तालुक्यातलं वैरागड. अबुल फजलच्या ‘आइन-इ-अकबरी’त तिचा उल्लेख आहे. तिथल्या किल्ल्याच्या पडक्या तटाकडे पाहून आज कुणाला हिरे आठवणार नाहीत, ते सोडा.

लाल खड्यांची कथा वेगळी. त्यांना सगळा युरोप माणिक समजे. ती माणकं नव्हती. ते बदख्शानचे लाल होते, म्हणजे स्पिनेल. आजच्या ताजिकिस्तान-अफगाणिस्तानच्या सीमेवर, पंज नदीच्या खोऱ्यातल्या डोंगरांतून ते निघत. मार्को पोलोने त्या खाणींबद्दल लिहिलं आहे. आपल्या मुघल बादशहांना हेच लाल प्राणाहून प्रिय होते. जहांगीर त्यांच्यावर आपलं नाव कोरून घेई. माणिक आणि लाल ही रसायनाने निराळी खनिजं आहेत हे युरोपात पक्कं झालं ते १७८३मध्ये. तोवर राजमुकुटात जाऊन बसलेल्या लालांना तिथून कोण हलवणार? इंग्लंडच्या राजमुकुटातलं ‘ब्लॅक प्रिन्सचं माणिक’ही लालच आहे. पण मध्ययुगीन जवाहिऱ्याला अडाणी समजू नये. बर्गंडी आणि फ्रान्सच्या याद्यांत माणिक आणि बदख्शानी लाल वेगवेगळे लिहिलेले असतात आणि भावही वेगळे असतात. रसायन ठाऊक नव्हतं, पण नजर होती.

नीलम सिंहलद्वीपाहून येत. थोडे हलके नीलम फ्रान्समध्येच ल प्यूई गावाजवळच्या ओढ्यात मिळत. चांगला मोती इराणच्या आखातातला आणि मन्नारच्या आखातातला. हा सगळा माल होर्मुझ किंवा तांबड्या समुद्रावाटे अलेक्झांड्रियाला, तिथून व्हेनिसच्या गलबतांतून व्हेनिसला आणि मग आल्प्सच्या खिंडी ओलांडून पॅरिस, ब्रुज, न्यूरेंबर्गला जाई. वाटेत खडा किती हातांतून जाई आणि प्रत्येक हात किती मलई काढी याची कल्पना मराठी वाचकाला द्यायला नको. पुढे १४९८मध्ये वास्को द गामा कालिकतला आला त्याला मिरी-लवंग तर हवीच होती, पण हे मधले हातही टाळायचे होते. गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेल्यावर दख्खनचे हिरे तिथून थेट लिस्बनला जाऊ लागले आणि व्हेनिसच्या पेढ्यांना झळ लागली.

पॅरिसच्या सोनाराच्या दुकानात काय चाले ते बरंच कळतं, कारण पॅरिसने आपल्या सोनारांना नियमांनी जखडून ठेवलं होतं. १२६८च्या सुमारास शहराचा प्रमुख अधिकारी एत्येन ब्वालो याने सगळ्या धंद्यांचे कायदे एका ग्रंथात बांधले. सोनाराने रात्री काम करायचं नाही. दिव्याच्या उजेडात हातचलाखी सोपी. अपवाद फक्त राजा, राणी, त्यांची मुलं-भावंडं आणि पॅरिसचा बिशप यांच्या कामाचा. सणासुदीला दुकानं बंद, एकच पाळीपाळीने उघडं; त्या दिवसाची कमाई पेटीत टाकायची आणि त्यातून ईस्टरला सार्वजनिक इस्पितळातल्या गोरगरिबांना जेवण घालायचं. १३५५च्या नियमांत खड्यांचा समाचार घेतला आहे. आखाती मोत्यांच्या शेजारी स्कॉटलंडच्या नद्यांतले मोती बसवायचे नाहीत. रंगीत काच खऱ्या खड्यांत मिसळायची नाही. मोठ्या चर्चच्या कामात मात्र दोन्ही जातींचे मोती एकत्र चालतील. देवाला फसवलेलं चालतं आणि गिऱ्हाइकाला नाही, असा याचा अर्थ लावण्याचा मोह होतो. खरं कारण बहुधा इतकंच, की चर्चचं काम कुणी मोडीत घालायला आणत नसे.

तेव्हा पैलू पाडण्याची कला बाल्यावस्थेत होती. माणिक, लाल, नीलम यांना बहुधा गोटीसारखी गुळगुळीत झिलई देत. खड्याचा मूळ आकार जितका राखता येईल तितका राखायचा, वजन वाया घालवायचं नाही. काही खड्यांना आरपार भोकं आढळतात. ते पूर्वी पूर्वेकडे कुणाच्या तरी माळेत ओवलेले होते, याची ती निशाणी. हिऱ्याला हिऱ्याच्याच भुकटीने घासावं लागतं, दुसरं काही त्याला ओरखडाही काढत नाही. म्हणून चौदाव्या शतकातला सोनार निसर्गाने दिलेला अठपैलू स्फटिक, दोन चौकोनी पिरॅमिड पायाशी जोडावेत तसा, जेमतेम घासून चकचकीत करी आणि निम्मा कोंदणात बुडवून टोक वर ठेवी. संस्कृत रत्नपरीक्षा ग्रंथांनीही असाच अणकुचीदार, आठ बाजूंचा अखंड हिरा उत्तम मानला होता. तीन भावांच्या मधला हिरा अशा जातीचा होता. पंधराव्या शतकात टोक घासून वर सपाट चौकोन काढण्याची रीत आली आणि हिरा एखाद्या लहानशा खिडकीसारखा दिसू लागला.

या सपाट आणि टोकदार हिऱ्यांची एक गंमत चित्रांत दिसते. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या कुठल्याही राणीचं चित्र जवळून पाहा. गळ्यात, छातीवर, बाह्यांवर सोन्याच्या चौकटीत काळे चौकोन दिसतील. बघणाऱ्याला ते काळे दगड वाटतात. ते हिरे आहेत. आजचा हिरा जो लखलखतो तो खालच्या पैलूंच्या नेमक्या कोनांमुळे. आत शिरलेला प्रकाश ते वर परत फेकतात. तेव्हाच्या घडणीत बराच प्रकाश खालून निसटून जाई आणि खडा समोरून गडद आरशासारखा दिसे. मान हलली, मेणबत्ती हलली, की त्यातून एकच पांढरी तिरीप उठे. चित्रकारांनी जे पाहिलं तेच काढलं. अशा हिऱ्यापुढे गरगरीत लाल किंवा नीलम जास्त राजबिंडा दिसणार, हे उघड आहे. त्या काळात मोठ्या लालाला हिऱ्याहून अधिक मान मिळे याचं निम्मं कारण माझ्या मते हेच.

पॅरिसच्या सोनारांची खरी मिरास होती मीनाकारीत. सोन्याच्या बाहुल्या, हंस, हरणं, पाकळ्या घडवायच्या, त्यांचा पृष्ठभाग ओरखडून खडबडीत करायचा म्हणजे मीना धरून राहील, आणि मग पांढऱ्या अपारदर्शक मीन्याचे थर चढवून भट्टीत घालायचं. सपाट पत्र्यावर मीना चढवणं एक. उभ्या, गोल, सगळीकडून दिसणाऱ्या मूर्तीवर तो समान बसवणं आणि भट्टीत तडकू न देणं ही वेगळीच करामत. १९६५मध्ये इंग्लंडच्या डन्स्टेबल गावी उत्खननात असा एक पांढरा हंस सापडला. गळ्यात सोन्याचं कडं आणि साखळी, पंखांवर पिसांच्या रेघा. आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो अंगावर मिरवण्याचं चिन्ह होता: आपण कोणाच्या गोटातले हे सांगणारं.

हे दागिने पुरुषांचे होते, निदान बायकांइतकेच पुरुषांचे. टोपीवर, खांद्यावर, गळ्यातल्या जाड साखळीत. ते कुणी घालावेत यावर कायदा होता. इंग्लंडच्या संसदेने १३६३मध्ये प्रत्येक थराने काय ल्यावं हे ठरवलं. कारागीर आणि कुळवाड्यांनी सोन्या-चांदीच्या अंगठ्या, पट्टे, बकलं घालायची नाहीत. पुढच्याच संसदेने तो कायदा मागे घेतला. लोक ऐकत नव्हते हे सांगायला वेगळा पुरावा नको. गोष्ट अशी, की प्लेगने निम्मी माणसं गेल्यावर उरलेल्या कारागिरांची मजुरी वाढली होती आणि त्यांच्या बोटांतही आता अंगठ्या दिसू लागल्या होत्या. सरदारांना ते खुपत होतं.

शोभा आणि हुद्दा यांखेरीज खड्यांकडून आणखी एक काम घेतलं जाई: रक्षणाचं. रेनचा बिशप मार्बोद याने अकराव्या शतकात रत्नांच्या गुणांवर लॅटिन पद्यग्रंथ लिहिला आणि पुढची काही शतकं त्याच्या नकला आणि भाषांतरं घरोघर फिरली. नीलम मन शुद्ध ठेवतो, डोळ्यांचे विकार घालवतो. बेडकाच्या डोक्यातून निघालेला म्हणून एक तपकिरी खडा अंगठीत घालत, तो विषावर उतारा. प्रत्यक्षात ते कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या माशाचे दगड झालेले दात असत. खड्याचा गुण अंगाला लागावा म्हणून कित्येक अंगठ्यांचं कोंदण मागून उघडं ठेवत, खडा थेट कातडीला भिडे. आपल्या ज्योतिषांची पुखराजाबद्दलची सूचना शब्दशः हीच आहे, हे मी नुसतं नोंदवून पुढे जातो.

या श्रद्धेचा सगळ्यांत सुंदर पुरावा यॉर्कशरमध्ये आहे. १९८५मध्ये मिडलहॅम किल्ल्याजवळ धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्यांना मातीत एक चौकटीच्या आकाराचं सोन्याचं लोलक सापडलं, उंचीला सहा सेंटीमीटरच्या आसपास. पुढच्या बाजूला पिता, ख्रिस्त आणि पवित्र आत्मा या त्रैक्याचं कोरीवकाम आणि वर एक नीलम. मागे ख्रिस्तजन्म. कडेने लॅटिन प्रार्थनेतले शब्द आणि त्यांच्या शेवटी दोन मंत्र, त्यातला एक अपस्मारावरचा तोडगा म्हणून तेव्हा प्रसिद्ध होता. मागची पाटी सरकते. आत जरीकाम केलेल्या रेशमाचे तुकडे निघाले, बहुधा कुणा संताच्या वस्त्राचे. एकेकाळी कडेला मोत्यांची रांग होती, ती गळून गेली आहे. मीनाही गेला आहे. पंधराव्या शतकातल्या कुणा घरंदाज बाईचा हा ताईतच. यॉर्कशर म्युझियमने १९९२मध्ये २५ लाख पौंड मोजून तो जिल्ह्यातच ठेवला.

मिडलहॅमचं लोलक टिकलं ते हरवलं म्हणून. हा काही योगायोग नाही, जवळजवळ नियम आहे. जे हरवलं, पुरलं गेलं किंवा चर्चच्या स्वाधीन झालं, तेवढंच उरलं. जे घराण्यात राहिलं ते मोडलं. नवी सून आली, फॅशन बदलली, लढाई लागली, की सोनं वितळवून खडे नव्या घडणीत. घडणावळीची किंमत शून्य. फ्रेंच दरबारी १ जानेवारीला नजराणे देण्याची चाल होती. बेरीच्या ड्यूक जॉनच्या सुप्रसिद्ध प्रार्थनापोथीतलं जानेवारीचं पान याच मेजवानीचं आहे. हा जॉन म्हणजे बर्गंडीच्या जॉनचा काका, रत्नांचा आणि त्यातही माणकांचा असा नादिष्ट की त्याच्या याद्या वाचताना माणसाला धाप लागावी. या नजराण्यांची आवक-जावक काटेकोर लिहिली जाई, कारण यंदा आलेला डाग पुढच्या वर्षी दुसऱ्याला द्यायचा असे.

१४०५च्या पहिल्या जानेवारीला राणी इझाबोने आपला नवरा, वेडाचे झटके येणारा सहावा शार्ल, याला एक अजब वस्तू दिली. उंची साठ सेंटीमीटरहून थोडी जास्त. वर मोत्या-माणकांच्या मांडवात मेरी आणि बाळ, पुढे गुडघे टेकलेला स्वतः राजा, आणि खाली त्याचा पांढऱ्या मीन्याचा घोडा लगामाने धरून उभा असलेला नोकर. इतकं नाजूक काम युरोपात दुसरं नाही असं जाणकार म्हणतात. ते राजाकडे राहिलं किती दिवस? त्याच वर्षी जुलैत ते राणीच्या भावाकडे, बव्हेरियाच्या लुडविगकडे, थकलेल्या पैशाच्या पोटी गहाण गेलं. ते परत आलंच नाही. आज बव्हेरियातल्या आल्टऑटिंगच्या तीर्थस्थानी ‘सोन्याचा छोटा घोडा’ या नावाने ते पाहायला मिळतं. सावकाराच्या घरी गेलं म्हणून वाचलं; फ्रान्समध्ये राहिलं असतं तर पुढच्या लढायांत त्याच्या मोहरा झाल्या असत्या.

तीन भावांचंही हेच. ग्रँडसननंतर दहा महिन्यांत, ५ जानेवारी १४७७ला, चार्ल्स नान्सीच्या वेढ्यात मारला गेला. त्याची एकुलती मुलगी मेरी हिने त्याच वर्षी ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनशी लग्न केलं. त्याने तिला दिलेली हिऱ्याची अंगठी ही जगातली पहिली साखरपुड्याची हिऱ्याची अंगठी असं जवाहिरे हल्ली जाहिरातीत सांगतात. ते खरं नाही. दोनच वर्षं आधी इटलीत पेझारोला स्फोर्झांच्या लग्नात हिऱ्याची अंगठी मानाने मिरवली होती. असो. तीन भाऊ तोवर बासेलच्या कपाटात होते. १५०४मध्ये आउग्सबुर्गचा सावकार याकोब फुगर याने चारही दागिने मिळून ४०,२०० गिल्डरांना घेतले. फुगरांनी तीन भाऊ जवळजवळ अर्धं शतक सांभाळले. त्यांना ते अंगावर घालायचे नव्हते, तालेवार गिऱ्हाईक हवं होतं.

तसं गिऱ्हाईक मिळालं ते कर्जदारच होतं. इंग्लंडचा सहावा एडवर्ड १५५१मध्ये फुगरांचं देणं फेडण्याच्या स्थितीत नव्हता. मुदत वाढवून देतो, पण आमचा एक दागिना एक लाख क्राउनला घ्या, ही पेढीची अट होती; हे खुद्द एडवर्डने आपल्या रोजनिशीत लिहिलं आहे. तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. म्हणजे कर्जबाजारी राजाने कर्जाची मुदत वाढवून घेण्यासाठी आणखी खर्च करून दागिना घेतला. आपल्याकडच्या वतनदारांना हा व्यवहार समजावून सांगावा लागला नसता.

त्यानंतर तो इंग्लंडच्या जामदारखान्यात नव्वद वर्षं होता. १५८५च्या एलिझाबेथच्या चित्रात, ज्यात राणीच्या बाहीवर गळ्यात मुकुट घातलेला एर्मिन हा छोटा पांढरा प्राणी बसला आहे, तिच्या काळ्या पोशाखावर तो लोंबताना दिसतो: तीन लाल, चार मोती आणि मधोमध तो काळाभोर दिसणारा हिरा. चित्र हॅटफील्ड हाउसमध्ये आहे. बासेलच्या टिपणाशी ताडून पाहावं, ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनंतरही घडण फारशी बदललेली नाही. १६२३मध्ये इंग्लंडचा युवराज चार्ल्स आणि राजाचा लाडका दरबारी बकिंगहॅम खोटी नावं घेऊन स्पेनच्या राजकन्येला मागणी घालायला माद्रिदला पळाले, तेव्हा बाप, राजा जेम्स, याने मागाहून जवाहिरांची खेप पाठवली. त्यात तीन भाऊ होते, नव्या कोंदणात बसवलेले. सोयरीक जमली नाही, दागिना परत आला.

पुढे तोच चार्ल्स राजा झाला, संसदेशी भांडला आणि १६४२मध्ये त्याची राणी हेन्रिएटा मारिया राजघराण्याचे दागिने घेऊन हॉलंडला गेली. वरकरणी निमित्त मुलीला सासरी पोचवण्याचं, खरं काम तोफा-दारूगोळ्यासाठी पैसा उभा करण्याचं. हेगचे आणि अॅमस्टरडॅमचे व्यापारी अडखळले. माल राणीचा की इंग्लंड देशाचा? संसद म्हणत होती देशाचा. उद्या दावा लागला तर? दोनशे वर्षं ज्या डागाची पत शंकेपलीकडे होती, त्याच्या मालकीवरच आता प्रश्न आला, आणि मालकी पक्की नसली की तारण निकामी. काही दागिने कमी भावात खपले. तीन भावांचा माग १६४५च्या सुमारास सुटतो. इतके मोठे, इतके ओळखीचे खडे उजळ माथ्याने विकता येत नाहीत. त्यांना फोडून, घासून, नव्या पैलूंत घालूनच विकावं लागतं. लालांचे तुकडे झाले असतील, तो टोकदार हिरा एव्हाना दोन-तीन नव्या हिऱ्यांत विरून गेला असेल.

राजाचं डोकं उडवल्यावर १६४९मध्ये संसदेने उरलासुरला राजमुकुटांचा साज टांकसाळीत पाठवला. मध्ययुगातली राज्याभिषेकाची एक चांदीची चमची तेवढी वाचली, तीही एका माणसाने विकत घेऊन ठेवली म्हणून.

मग इंग्लंडच्या राजघराण्याचा सर्वांत जुना टिकलेला मुकुट कुठे आहे? म्युनिकच्या राजवाड्यात. १४०२मध्ये चौथ्या हेन्रीची दहा वर्षांची मुलगी ब्लांश जर्मनीतल्या पॅलटिनेटच्या लुडविगला दिली, तेव्हा तो तिच्याबरोबर आहेर म्हणून गेला. बारा उंच-ठेंगण्या सोनेरी फुलांचा, नीलम, लाल, हिरे आणि मोत्यांनी जडवलेला, खाली मीन्याच्या नाजूक जाळीचे पदर. लग्नाआधी लंडनच्या सोनाराकडून दुरुस्त करून घेतला. ब्लांश १४०९मध्ये, सतरा वर्षांची असताना वारली. मुकुट सासरीच राहिला. त्याची फुलं सुटी होतात आणि पट्टी बिजागऱ्यांवर मिटते, म्हणजे प्रवासात पेटीत बसावा. कुठलं फूल कुठल्या जागी बसवायचं याच्या खुणा सोनाराने त्यावर घातलेल्या आहेत.